पाचावर धारण

दिवाडीच्या बांधावर, माळारच्या मानशीपाशी
सिमेंटच्या खोक्यात एक पेटी आहे.
दर दहा मिनिटांनी पाणी मोजते
आणि वेर्ण्याला कळवते.
सतरा दिवस झाले, कळवत नाही.

मी खोक्यात डोकं घातलं तेव्हा
इनास मानशीवर बसून जाळं सांधत होता.
"मेलें गो तें," तो म्हणाला,
शेजारच्या गाईबद्दल सांगावं तसं.

तीन तारा जोडल्या. एक बोलायची, एक ऐकायची, एक जमिनीची.
लॅपटॉपवर पांढरी अक्षरं धावू लागली.
मेलं नव्हतं. उठत होतं.
बूटलोडर तीनपासून उलटा मोजत होता,
कर्नल आपली तारीख सांगत होता, मेमरी सांगत होता,
आणि दर खेपेला त्याच ओळीवर येऊन
हातपाय गाळत होता:
मूळ फाइलसिस्टिम माउंट होत नाही. एरर उणे एकोणीस.
पॅनिक.
मग दहा सेकंद काही नाही.
मग पुन्हा तीन, दोन, एक.

पहिला संशय खाऱ्या हवेवर. आमच्याकडे तो नेहमीच पहिला.
दुसरा फ्लॅश चिपवर: लिहून पुसून, लिहून पुसून
ब्लॉक झिजतात. यादी मागितली.
खराब निघाले तीन. तीन म्हणजे काहीच नाही.
इनासला सांगितलं, चिप अशा जागांवर खूण करते
आणि तिथे पुन्हा लिहीत नाही.
त्याने मान न वळवता बांधावरच्या काठ्या दाखवल्या,
कुर्ल्यांनी जिथे जिथे पोखरलंय तिथे एकेक.
"थंय पांय दवरूं नाका."
मी मोजल्या. अकरा.

प्रज्योतचा फोन: सगळं पूस, नवी इमेज टाक,
भरती चढायच्या आत मोकळी होशील.
खरंच होतं ते. एका ओळीचं काम.
टाइप करून ठेवली होती, बोट एंटरवर होतं,
आणि वर सरकून गेलेल्या मजकुरात दिसलं:
रिकामं उपकरण आढळलं.
ही ओळ मी सकाळपासून दहा वेळा वाचली होती,
म्हणजे वाचलीच नव्हती.
रिकामं कसं? अकरा महिन्यांच्या भरत्या आहेत आत.
की मी दुसऱ्याच्याच दारात उभी राहून
घर ओसाड म्हणतेय?

मार्च. वेर्ण्याचा एसी. इथून वीस-बावीस किलोमीटर लांब बसून
पार्टिशनच्या तक्त्यात एक लहानसा तुकडा
मीच घुसवला होता, पुढेमागे लागेल म्हणून.
चार नंबरचं घर पाच नंबरचं झालं.
बूटच्या ओळीत चारच राहिलं.
पेटीला पत्ता लागला नाही, कारण ती झोपलीच नाही.
जागी होती तोवर जुन्या ओळखीवर चालत राहिली,
पाच महिने,
चवथीच्या आदल्या आठवड्यात वीज गेली
आणि बॅटरीनेही मान टाकली त्या रात्रीपर्यंत.

प्रज्योतला हे अजून सांगितलेलं नाही.
इनासला सांगितलं. तो दोऱ्याला गाठ मारत राहिला.

की दाबून मोजणी थांबवली. चार खोडलं, पाच लिहिलं.
सेव्ह.
रिकव्हरी आवश्यक, असं म्हणाली,
मग बराच वेळ काहीच म्हणाली नाही,
माझीच धारण पाचावर,
मग: रिकव्हरी पूर्ण. लॉगिन.

शेवटची नोंद रात्री दोन चाळीसची.
पुढची, आत्ताची. मधले सतरा दिवस
मानशीच्या चिऱ्यावर खडूच्या रेघांत आहेत,
इनासच्या. मी फोटो काढला.
आमच्या रकान्यांत खडूला जागा नाही.

पाणी फिरलं. लाकडी दारं
कोणी हात न लावता मिटू लागली,
रोज दोनदा मिटतात तशी,
रोज दोनदा उघडून दाखवतात तशी.
ती बघत थोडा वेळ बसले.
मग नीट चाललेल्या पेटीची वायर
मी मुद्दाम ओढून काढली.
"कितें करता गो!" इनास उठून उभा राहिला.
थांब म्हटलं. वायर परत लावली.

तीन.
दोन.